पोटरीचं औषध

बिडी-सिगारेट ओढणारा पण अंगापिंडाने धडधाकट असलेला माणूस निरोगी म्हणायचा की नाही, हा वाद मी आयुष्यभर ऐकत आले. एसटीत ऐकला, लग्नाच्या मांडवात ऐकला, शाळेत मधल्या सुट्टीत गुरुजी लोकांच्या तोंडून ऐकला. वाद घालणारे बहुधा पुरुष असतात आणि त्यांतल्या निम्म्यांच्या बोटांत बिडी पेटलेली असते. प्रत्येकाकडे एक दाखला तयार असतो. कुणाचा आजा म्हातारपणीही चिलीम ओढून विहिरीत सूर मारत होता, कुणाचा चुलता रोज बंडल संपवून ज्वारीचं पोतं एकटा उचलत होता. ज्यांचे आजे ऐन उमेदीत खोकून खोकून गेले, ते अशा वादात तोंड उघडत नाहीत. मला या वादाचा मनस्वी तिटकारा आहे. कारण लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराला आमच्या पोलीस लाइनीत या वादातला दाखला म्हणजे माझा नवरा होता.

आधी बिडी कुठून आली ते सांगते. बहात्तरच्या दुष्काळात मी देगलूरकडच्या आमच्या गावाबाहेर खडी फोडायला जायचे. शाळा होती, पण शाळेत बसून पोट भरत नव्हतं. कामावरच्या मुकादमाचा एक नियम होता. बिडी पिणाऱ्याला मधूनमधून बिडीपुरती सुट्टी मिळायची. त्याने हातोडा खाली ठेवायचा, बाभळीच्या सावलीला जाऊन उकिडवं बसायचं, सावकाश बिडी संपवायची. त्याला कुणी बोलायचं नाही, कारण मुकादम स्वतःच पिणारा. न पिणारा मात्र नुसता बसला की कामचुकार ठरायचा. एकदा माझी आई कंबर धरून बसली तर मुकादमाने विचारलं, "काय बाई, बिडी प्यायची हाय का?" गँगमधले सगळे बाप्ये हसले. कंबर मोडली, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, ही बसायची कारणं नव्हती. तोंडातून धूर काढणं हे मात्र कारण होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या कितीतरी तरण्या पोरांनी बिडी धरली ती नुसतं बसायला मिळावं म्हणून. वर तिने भूक मरते असाही शोध लागला होता. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर आणि कामावर वाटलेल्या सुकडीवर अंग चालत नाही, बिडीवर चालतं, असं लोक अगदी मनापासून सांगायचे.

आमचे हे निलंग्याकडचे. त्यांनीही बिडी धरली ती अशाच एका पाझर तलावाच्या कामावर. पुढे ते ही गोष्ट फुशारकीने सांगायचे. म्हणे, गँगमधले दुसरे पोरगे वाळून काड्या झाले आणि मी एकटा टोपल्यावर टोपली उचलून उलट अंगाने भरत गेलो. ते खरंही असेल. बिडी मध्ये नसती तर अजून किती भरले असते, हा हिशोब मात्र कधी कुणी मांडला नाही.

दुष्काळ सरला, मी डी.एड. झाले आणि माझ्यासाठी स्थळं बघायला लागले. दुष्काळाने सगळ्या मुलखाची हाडं वर काढली होती. त्यामुळे ज्याच्या अंगावर चार बोटं मांस ते स्थळ चांगलं, असा त्या वर्षांचा नियम. माझ्या वडिलांनी मुलगा पाहिला तो बाजारात बैल पाहावा तसा. खांदा बघितला, मान बघितली, चाल बघितली. दात तेवढे मोजायचे राहिले. पानसुपारीच्या ताटात बिडीबंडल ठेवायची पद्धत होती. मुलाने वडीलधाऱ्यांसमोर जरा लाजत एक उचलली, तर वडील घरी येऊन म्हणाले, मुलगा मोकळा आहे, लपवाछपवी नाही, आणि शौक म्हणशील तर तेवढा एकच.

आमचं लग्न आमच्या रीतीने झालं. छप्पन्नला वडिलांनी दीक्षा घेतलेली, त्यामुळे पंचशील म्हणूनच. पाचवं शील नशापाण्यापासून लांब राहायचं. यांनी ते खड्या आवाजात म्हटलं आणि जेवणं उठायच्या आत मांडवामागे जाऊन पेटवली. मी पुढे कधी विचारलं तर म्हणाले, "बिडी काय नशा हाय का? नशा म्हंजे दारू." आमच्या सगळ्या नातलगांचं हेच मत होतं. ज्यांनी देवाचे टाक नदीत सोडले, उपास सोडले, अंगात येणं सोडलं, त्यांना बिडी तेवढी सोडवेना. वर शीलही मोडलं नाही असं समाधान.

पण खरं सांगते, मला हे आवडायचे. पोलिसात लागले आणि त्यांचं अंग आणखीच कमावलेलं झालं. भरतीच्या वेळी धावण्यात पहिले आले होते आणि धावून झाल्यावर मैदानाच्या कडेला त्यांनी बिडी पेटवली, हा किस्सा त्यांच्याबरोबरचे शिपाई वर्षानुवर्षं सांगत. तपासणीच्या डॉक्टरने छाती फुगवायला लावली, टेप लावला आणि पाठीवर थाप मारली. फुगलेल्या छातीत काय भरलंय हे टेपला कळत नाही. पण चाल मात्र बघण्यासारखी होती. रस्त्याने जाताना त्यांचं पाऊल असं पडायचं की मला त्यांच्या मागून चालायला बरं वाटायचं. नवऱ्याच्या पायांवर जीव जडावा, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

मग लातूर जिल्हा झाला. यांची तिकडे बदली झाली आणि माझीही एका शाळेत सोय झाली. जिल्हा नवा, साहेब नवे, कचेऱ्यांचे फलक नवे. पाणी तेवढं जुन्यासारखंच, म्हणजे घागरी घेऊन रांगेत. नव्या जिल्ह्याच्या झेंडावंदनाच्या परेडसाठी माणसं निवडली तेव्हा यांना पहिल्या रांगेत कडेला उभं केलं, म्हणजे बाकी सगळ्यांनी यांच्याकडे बघून पाऊल टाकायचं. त्या दिवशी मी शाळेच्या मुलांना घेऊन मैदानावर होते. बूट जमिनीवर आपटले की धूळ उडत होती. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, तब्येत असावी तर अशी. मी मनात सुखावले होते.

यांचा एक मित्र होता, यांच्याच बरोबरचा शिपाई, आमच्या समोरच्या खोलीत राहणारा. तोही तसाच दणकट आणि तसाच बिडीबहाद्दर. जगातल्या सगळ्या विषयांवर त्याचं मत तयार असे. लाइनीत कुणी बिडीला नाव ठेवलं की तो माझ्या नवऱ्याच्या दंडावर चापट मारून म्हणायचा, बघा हा, काय झालंय याला? आणि हे दंड फुगवून दाखवायचे. दोन घोडे एकमेकांच्या पाठी खाजवतात, तसला तो प्रकार.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की हे रस्त्यात थांबतात. सकाळी आमची वाट काही अंतर एकच होती, मला शाळेला जायचं, त्यांना मैदानावर. आधी मला त्यांना गाठायला पळावं लागायचं. आता पिठाच्या गिरणीपाशी ते थांबायचे आणि बिडी पेटवायचे. बिडी संपली की पुन्हा तसेच ताडताड चालायचे. पुढे सायकलच्या दुकानापाशी पुन्हा थांबायचे, पुन्हा पेटवायचे. मी विचारलं, पाय दुखतो का? तर मलाच झापलं, "बिडी पेटवायलोय, दिसत न्हाई का?"

पाय दुखत होता. चालताना डाव्या पोटरीत गोळा यायचा, पाऊल पुढे टाकवत नसे. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मित्राला सांगितलं. आणि मित्राने त्यावर डोकं चालवलं. त्याने असा निष्कर्ष काढला की बिडी ओढली की पोटरी मोकळी होते. दोघांनी मिळून पडताळाही घेतला. चालले, गोळा आला, थांबून बिडी ओढली, गोळा गेला. पुन्हा चालले, पुन्हा आला, पुन्हा ओढली, पुन्हा गेला. याहून आणखी काय पुरावा पाहिजे? बिडीच्या उष्णतेने शीर सैल होते, असं शास्त्रही त्यावर रचून झालं. परेडनंतर पाय वळणाऱ्या शिपायांना तो मित्र हे औषध सांगायला लागला. एकाने तर पँट वर करून पोटरीवर धूर फुंकून घेतला. लाइनीतल्या बायकाही नवऱ्यांना म्हणायच्या, अहो, एक पेटवा की, पायाला बरं वाटेल. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी काही डॉक्टर नव्हते, पहिलीच्या पोरांना मुळाक्षरं शिकवणारी बाई होते. पण मी खडी फोडली होती. बिडी पिणाऱ्याला कशाने बरं वाटतं हे मी मुकादमाच्या राज्यात बघितलं होतं. त्याला बरं वाटतं ते बसण्याने. एका रविवारी भाजीला म्हणून मी यांना गोलाईच्या बाजाराकडे चालवत नेलं. निघताना त्यांच्या शर्टाच्या खिशातून बिड्या आणि काडेपेटी काढून माझ्या पिशवीत टाकली. वाटेत गोळा आला तसा हात खिशात गेला. खिसा रिकामा बघून त्यांनी भर रस्त्यात माझा उद्धार केला. मी म्हटलं, बोला काय बोलायचं ते, पण जागचे हलू नका. ते उभ्या उभ्या माझ्या माहेरापर्यंत पोचले. बोलून थकले तेव्हा मी विचारलं, आता पोटरी कशी आहे?

त्यांनी पाय हलवून बघितला. दुखणं गेलं होतं. धुराशिवाय गेलं होतं. मला वाटलं, झालं, आता या माणसाला कळलं. ते म्हणाले, "सकाळी पिल्याली हाय ना, तिचा असर अजून रक्तात हाय."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ अजून जळायचा होता. संध्याकाळी त्यांनी हे मित्राला सांगितलं. दोघांनी त्यातून असं ठरवलं की औषध इतकं भारी आहे, सकाळचं दुपारपर्यंत पुरतं. त्या दिवसापासून सकाळची मात्रा वाढली.

मला राग यायचा तो या मूर्खपणाचा, आणि मूर्खपणापेक्षा जास्त त्यांच्या खात्रीचा. भीतीही वाटायची. एवढा मोठा देह, पण पाय हातात घेतला तर पाऊल गार लागायचं, घडवंचीखालच्या रांजणासारखं. उजव्या पावलापेक्षा डावं पाऊल पांढुरकं दिसायचं. मी दवाखान्याचं नाव काढलं की ते दंड-बैठका मारायला लागायचे. मारूनही दाखवायचे, हे विशेष. ज्याला बैठका मारता येतात तो आजारी कसा असेल, असं त्यांचं म्हणणं. आणि मला तर तेवढा एक पाय वाचायला हवा होता. बाकी संसारात मला कशाचीही तक्रार नव्हती.

उन्हाळ्यात अंगठ्याला फोड आला. बूट चावला म्हणाले. फोड फुटून जखम झाली, ती भरेना. हळद झाली, चुना झाला, मित्राने सांगितलेला बिडीच्या राखेचा लेपही झाला. अंगठा काळा पडला तेव्हा मी ऐकलं नाही. माझी थोरली बहीण नांदेडला होती. तिच्या ओळखीने आम्ही तिथल्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी छाती मोजली नाही. त्यांनी पायाच्या पंजावर दोन बोटं ठेवली, घोट्यामागे ठेवली, गुडघ्यामागे ठेवली आणि बराच वेळ तशीच धरली. मग माझी बोटं घेऊन आधी उजव्या पायावर ठेवली. तिथे नाडी टुकटुक लागत होती. डाव्यावर ठेवली, तिथे काहीच नव्हतं. एवढा मांसल, कमावलेला पाय, आणि आत बडा घर पोकळ वासा. हे म्हणाले, डॉक्टरसाहेब, माझी तब्येत चांगली आहे, मी परेडला पहिल्या रांगेत असतो. डॉक्टर म्हणाले, हा आजार तुमच्यासारख्या तरण्या गड्यांनाच गाठतो, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना. बिडीने रक्ताची वाट बंद होते. चालताना पायाला रक्त जास्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून गोळा येतो. थांबलं की गरज कमी होते, म्हणून जातो.

"पण बिडीनं थांबतंय ते," हे म्हणाले.

"बिडीनं नाही, थांबण्यानं थांबतंय," डॉक्टर म्हणाले. "आज अंगठा काढावा लागेल. इथून पुढं एक जरी ओढली तरी पाय वाचेल असं मी सांगणार नाही. कमी करून चालणार नाही. एकसुद्धा नाही."

त्या रविवारी गोलाईच्या रस्त्यावर मी हेच दाखवून दिलं होतं. पण बायकोने सांगितलं ती कटकट आणि डॉक्टरने सांगितलं ते निदान, हे जगातल्या सगळ्या नवऱ्यांचं ठरलेलं आहे. अंगठा गेला. यांनी माझ्यासमोर, बहिणीसमोर शपथ घेतली. मी विश्वास ठेवला.

लातूरला परतल्यावर त्यांना मैदानाऐवजी कचेरीत बसायचं काम मिळालं. तिथे बसलेल्या माणसाला भेटायला सगळे येत आणि येणारा प्रत्येक जण सहानुभूती म्हणून एक पुढे करी. आजाऱ्याला आमच्याकडे रिकाम्या हाताने भेटत नाहीत. दारू पुढे केली असती तर लोकांनी हात धरला असता, पण बिडी देणं म्हणजे जिव्हाळा. मित्राचं म्हणणं तर असं पडलं की इतक्या वर्षांची सवय एकदम सोडली की अंगावर येतं, अंगठ्याचं दुखणं वर चढेल. म्हणून हे चोरून ओढत होते, संडासाच्या मागे, औषध म्हणून. मला वास यायचा. मी भांडले, रडले, जेवण बंद केलं. ते म्हणायचे, मला काय झालंय? आणि पाव्हणेही म्हणायचे, वैनी, उगं काळजी करता, अंगठा गेला म्हणून काय झालं, तब्येत तर अशी हाय की दोघांना भारी पडंल.

पावसाळा संपता संपता पाऊल काळं पडलं. नांदेडला त्याच डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखाली कापला. यांना ऑपरेशनला नेताना मी शेजारून चालत होते. मला म्हणायचं होतं, मी आधीच सांगितलं होतं. ते ओठांवर होतं आणि मी गिळलं, कारण त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. त्या हातात ताकद अजून होती.

काही दिवसांनी मित्र लातूरहून एसटीने भेटायला आला. केळी आणली होती. खाटेशेजारी बसला, चादर जिथे सपाट होती तिकडे न बघता बोलत राहिला. कोण साहेब बदलले, परेडला कुणाला उभं करतात, या वेळी रांग कशी वाकडी दिसली. मग माझ्याकडे एक नजर टाकून त्याने केळ्यांच्या खालून बंडल काढलं आणि यांच्या उशाला सरकवलं. मला समजावत म्हणाला, "वैनी, एकदम सोडल्यानं अंगावर येतं. एखांदी पिऊ द्या."

आमच्या ह्यांनी बंडलातून एक बिडी काढली. बोटांत धरून फिरवत राहिले. वॉर्डात ओढायला बंदी होती, बहुतेक ते मला बाहेर न्यायला सांगणार होते. मला वाटलं होतं की मी किंचाळेन, पण माझा आवाज अगदी खाली आला.

"ओढा," मी म्हटलं. "एक पाय राहिलाय अजून."

मित्र हसला, मी थट्टा करतेय असं समजून. हे हसले नाहीत. त्यांनी उजव्या पायाकडे बघितलं, अंगठा हलवून बघितला. मग चादर तोंडावर ओढून घेतली आणि त्या आडून रडायला लागले. नोकरी, लग्न, बापाचं मरण, कशातही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी खाटेवर बसून त्यांच्या छातीवर हात ठेवला. ते चादरीतूनच मित्राला म्हणाले, "घेऊन जा हे. आन् तू बी सोड, गड्या."

त्यानंतर त्यांनी बिडीला हात लावला नाही आणि उजवा पाय वाचला. पण मला सांगायचं आहे ते मित्राचं. तो बंडल खिशात घालून, डोळे पुसत बाहेर पडला. मी खिडकीशी गेले. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली त्याने त्याच बंडलातली एक काढली, पेटवली आणि स्टँडकडे चालायला लागला. छाती पुढे, खांदे मागे, पावलं ताडताड. खिडकीखालीच, दवाखान्याच्या दारात बसलेले दोन म्हातारे मान वळवून त्याच्याकडे बघत होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, गडी कसा ठणठणीत हाय बघ.